यू सुझुकी दिसेनासे का झाले?

नांदेडच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "सर, एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनच्या बाफ्टा या पुरस्कार देणाऱ्या संस्थेने लोकांचा कौल घेतला की आजवरचा सगळ्यात प्रभावी व्हिडिओ गेम कोणता. पहिला आला 'शेनमू'. तो बनवणारे यू सुझुकी, हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. एवढा मोठा माणूस, मग आता कुठेच का दिसत नाही? वयामुळे कला आटली की कंपनीने बाजूला सारलं? मला गेम डायरेक्टर व्हायचंय. घरचे म्हणतात, हे काय करायलास? शेवटी माझंही असंच होणार का?"

मी परभणीचा. गेम डिझाइनचं काम करतो. बरीच वर्षं पुण्यात नोकरी केली, आता संभाजीनगरला बसून बाहेरच्या स्टुडिओंना काम करून देतो. त्यामुळे बोलेन ते धंद्याच्या बाजूने.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सुझुकींची कला आटली असं मला वाटत नाही, आणि कुणी ठरवून त्यांचा काटा काढला असंही दिसत नाही. त्यांचं नाव मोठं झालं ते मशीन विकण्याच्या धंद्यात. नवं मशीन काय करून दाखवू शकतं हे जगापुढे मांडणारा एक माणूस त्या धंद्याला लागतो. सेगा या जपानी कंपनीत तो माणूस सुझुकी होते. सेगाचं घरगुती मशीन बंद पडलं, आर्केड (नाणं टाकून खेळायची पार्लरं) आटत गेले, आणि ती जागाच उरली नाही. आता जरा सविस्तर.

नाव तू २०२५ मध्ये ऐकलंस, पण त्यांचं काम तुझ्या घरात आधीच येऊन गेलं असणार. मोठ्या भावाला नाहीतर काकाला विचार, 'व्हर्चुआ कॉप २' आठवतो का. २००० च्या आसपास मराठवाड्यात ज्याने कॉम्प्युटर क्लासची पायरी चढली, एमएस-सीआयटी केलं किंवा तासाचे पैसे मोजून सायबर कॅफेत बसला, त्याने तो खेळलेला असतो. वर्ड-एक्सेल शिकवायला ठेवलेल्या मशीनवर कुणीतरी पायरेटेड सीडीतून तो टाकलेला असायचा. सर बाहेर चहाला गेले की तीन पोरं एका माऊसवर.

तो गेम आज पुन्हा काढून बघ आणि एकच गोष्ट न्याहाळ. समोर बदमाश आला की त्याच्याभोवती एक गोल उमटतो. आधी हिरवा, मग पिवळा, मग लाल. लाल झाला की तो गोळी झाडणार. स्क्रीनवर सेकंद मोजणारं घड्याळ नाही, सूचना नाही, तरी आपल्याकडे किती वेळ उरलाय हे सातवीतल्या पोराला इंग्रजीचं एक अक्षर न वाचता कळतं. दुसरी खुबी त्याहून भारी. बदमाशाच्या हातावर नेम धरला तर त्याचं हत्यार गळून पडतं, तो जिवंत हाती लागतो, आणि गुण जास्त मिळतात. म्हणजे नवशिक्या छातीवर मारून पुढे जातो आणि मुरलेला खेळाडू त्याच वेळात, त्याच जागी, जास्त अवघड काम अंगावर घेतो. आमच्याकडे लाईट जायच्या आत पहिली लेव्हल पुरी करायची आणि सगळ्यांना हातावरच मारायचं, अशी पैज लागायची. भारनियमनाने गेमची अवघड पातळी आणखी एक पायरी वर नेली होती, असं म्हण.

हे काम सेगाच्या एएम२ या विभागाचं. पहिला 'व्हर्चुआ कॉप' १९९४ चा, दुसरा १९९५ चा, आधी आर्केडमध्ये आणि नंतर पीसीवर. विभागाचे प्रमुख सुझुकी. गोळी शरीराच्या ज्या भागाला लागली तसा माणूस कोसळणं आज तुला साधी गोष्ट वाटेल. १९९७ च्या 'गोल्डनआय ००७' चे दिग्दर्शक मार्टिन हॉलिस यांनी त्या बाबतीत 'व्हर्चुआ कॉप'चं ऋण उघड मान्य केलेलं आहे. आणि 'गोल्डनआय'चं ऋण पुढच्या निम्म्या शूटर गेम्सवर आहे. तेव्हा सुझुकी दिसत नाहीत म्हणताना ते कुठे कुठे मिसळून गेलेत तेही बघ.

मग तेव्हा आपल्याला नाव का कळलं नाही? पायरेटेड सीडीवर नाव छापायचं कुणी, हे एक झालं. पण धंद्याची सवयही तशीच होती. अटारी या अमेरिकन कंपनीत गेम बनवणाऱ्याचं नाव गेमवर येत नसे. त्या रागातूनच तिथले काही प्रोग्रॅमर १९७९ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन काढली. वॉरन रॉबिनेट याने 'अ‍ॅडव्हेंचर'मध्ये एका चोरखोलीत स्वतःचं नाव लपवलं. जपानी कंपन्यांत तर टोपणनावं घालायची पद्धत होती, म्हणजे दुसरी कंपनी माणसं पळवणार नाही. सेगाच्याच 'सोनिक'चे प्रोग्रॅमर युजी नाका तिथे वेगळ्याच अक्षरांनी ओळखले जात. अशा काळात सुझुकींचं नाव जपानबाहेर पोचलं, हीच नवलाची गोष्ट. आणि ते का पोचलं ह्यातच तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

सुझुकी १९८३ मध्ये सेगात लागले, प्रोग्रॅमर म्हणून. जन्म १९५८ चा, म्हणजे पंचविशीतला पोरगा. दोन वर्षांत, १९८५ ला, 'हँग-ऑन' आला. त्याचं मशीन म्हणजे चक्क मोटरसायकल. खेळणारा तिच्यावर बसायचा आणि वळण आलं की अख्ख्या अंगानिशी गाडी कलती करायचा. त्याच वर्षी 'स्पेस हॅरियर', १९८६ ला 'आउटरन', १९८७ ला 'आफ्टर बर्नर'. हलणारी खुर्ची, हलणारी कॉकपिट, कानाशी स्पीकर.

तू नांदेडचा आहेस म्हणून माळेगावच्या जत्रेचंच उदाहरण देतो. आकाशपाळणेवाल्याचा हिशेब आठव. लांबून दिसला पाहिजे. बघणाऱ्याला न विचारता कळलं पाहिजे की इथे काय होतं. बसल्यावर पहिल्या फेरीतच पोटात गोळा आला पाहिजे. आणि तीन-चार मिनिटांत उतरवून पुढच्याला बसवता आलं पाहिजे, नाहीतर धंदा बसला. आर्केडचा हिशेब हाच होता, फक्त तिकिटाच्या जागी शंभर येनचं नाणं. सुझुकी ह्या हिशेबातले उस्ताद. 'आउटरन'मध्ये तर आणखी मजा. त्यांनी युरोपात गाडीने फिरून रस्ते पाहिले आणि ठरवलं की ही शर्यत नाही करायची, गाडी चालवण्याचा आनंद विकायचा. सुरुवातीला रेडिओवर गाणं निवडायचं, मग दर टप्प्याला रस्ता फुटतो, डावीकडे जा नाहीतर उजवीकडे. घड्याळ तर डोक्यावर आहेच, पण मन समुद्राकडे. नाणं संपलं की माणूस दुसरा रस्ता बघायला पुन्हा नाणं टाकतो. एक फाटा घातला आणि दोन नाण्यांची सोय झाली. डिझाइन शिकवताना मी पोरांना हे आवर्जून दाखवतो.

इथे मशीन आणि माणूस एकमेकांना कसे चिकटलेत ते बघ. सेगा फक्त गेम विकत नव्हती. पार्लरच्या मालकाला अख्खं महागडं यंत्र विकत होती. दर दोन-तीन वर्षांनी नवा बोर्ड, म्हणजे यंत्राच्या आतलं सर्किट. मालकाने जुनं काढून नवं का घ्यावं? ह्याचं उत्तर सुझुकींचा गेम द्यायचा. मॉडेल १ बोर्ड आला तेव्हा १९९२ ला 'व्हर्चुआ रेसिंग' आणि १९९३ ला 'व्हर्चुआ फायटर'. मॉडेल २ आला, लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमधलं टेक्श्चर मॅपिंगचं, म्हणजे थ्रीडी आकारांवर चित्र चढवण्याचं, तंत्र त्यात उतरवलं, की १९९४ ला 'व्हर्चुआ फायटर २'. मॉडेल ३ आला की १९९६ ला 'व्हर्चुआ फायटर ३'. दरवेळी मासिकांच्या मुखपृष्ठावर सुझुकी. 'व्हर्चुआ फायटर' बघूनच प्लेस्टेशनने थ्रीडीवर सगळा भर द्यायचा हे पक्कं झालं, असं सोनीतल्या त्या काळच्या लोकांनी नंतर सांगितलंय. प्रतिस्पर्ध्याची दिशा बदलणारा दिग्दर्शक! पण नीट बघ, त्या प्रसिद्धीचं बिल मशीनच्या विक्रीतून फाटत होतं.

आणि मग ह्या तीन मिनिटांच्या उस्तादाने 'शेनमू' केला. २९ डिसेंबर १९९९, सेगाच्या ड्रीमकास्ट या घरगुती मशीनवर. मूळ कल्पना 'व्हर्चुआ फायटर'मधल्या पात्रावर आरपीजी (पात्राची भूमिका घेऊन खेळायचा लांबलचक गेम) करायची होती, सुरुवात आधीच्या सॅटर्न मशीनवर झाली. झालं काय, तर १९८६ सालच्या योकोसुकात एक पोरगा बापाच्या खुन्याचा माग काढतो, आणि तो माग काढायला घाई करता येत नाही. घरातले ड्रॉवर एकेक उघडून आतली वस्तू हातात घेऊन फिरवून बघता येते. दुकानं ठरल्या वेळी उघडतात, माणसं ठरल्या वेळी कामाला जातात. कुणी संध्याकाळी भेटणार असेल तर संध्याकाळ होईपर्यंत तुला वेळ काढावा लागतो. वेळ कसा काढायचा? शंभर येन टाकून खेळण्याची कॅप्सूल घे, नाहीतर गावातल्या आर्केडमध्ये जाऊन 'हँग-ऑन' खेळ. हो, सुझुकींनी स्वतःचे जुने गेम ह्या गेमच्या आत खेळता येतील असे ठेवले. योकोसुकाच्या १९८६-८७ च्या हवामानाच्या खऱ्या नोंदीसुद्धा आत घालून ठेवल्या होत्या. पुढे नायक बंदरावर फोर्कलिफ्ट चालवायची नोकरी धरतो. सकाळी फोर्कलिफ्टची शर्यत, मग दिवसभर खोकी एका गोदामातून दुसऱ्यात, संध्याकाळी रोजंदारी. बदला घ्यायला निघालेला हिरो दिवसभर हमाली करतो आणि खेळणारा कंटाळत नाही. ह्याची आम्हा डिझाइनवाल्यांना आजही गंमत वाटते.

आता हिशेब. 'शेनमू'च्या खर्चाचे आकडे ४ कोटी ७० लाख डॉलरपासून ७ कोटी डॉलरपर्यंत सांगितले जातात. विक्री साधारण १२ लाख प्रती. प्रत ५० डॉलरला धरली तरी सगळे मिळून ६ कोटी, आणि त्यातून दुकानदार, वाहतूक, जाहिरात वजा कर. पदरात काय पडलं तूच काढ. ह्या खर्चात पुढच्या भागाचं कामही होतं असं म्हणतात, तरी गणित बसत नाही. ते बसण्यासाठी ड्रीमकास्ट घराघरांत जायला हवा होता. म्हणजे पुन्हा तेच, हा गेम मशीन विकण्यासाठी होता. मशीन जगभरात ९० लाखांच्या आसपास गेलं, प्लेस्टेशन २ पुढे ते टिकलं नाही, आणि जानेवारी २००१ मध्ये सेगाने ड्रीमकास्ट बंद करत असल्याचं जाहीर केलं. 'शेनमू २' त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जपानात आला तेव्हा ज्या मंचावर तो उभा राहायचा तोच मोडलेला होता.

इथून पुढची वर्षं लोकांना रिकामी दिसतात. २००३ मध्ये अमेरिकेच्या इंटरॅक्टिव्ह आर्ट्स अकादमीने त्यांना हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. साधारण त्याच सुमारास एएम२ ची सूत्रं त्यांच्या हातून गेली. २००४ ला सेगा सॅमी कंपनीशी जोडली गेली, घरचे मालक बदलले. 'शेनमू ऑनलाइन' सुरू झाला आणि गुंडाळला गेला. टचस्क्रीनवर चालणारा 'साय-फाय' नावाचा आर्केड गेम लोकांना दाखवला, तोही रद्द. २००८ मध्ये त्यांनी वायएस नेट ही स्वतःची कंपनी काढली, २०११ मध्ये सेगातून निवृत्त झाले.

रद्द झालेल्या गेमबद्दल बाहेरच्यांना कल्पना नसते म्हणून सांगतो. सिनेमा अर्धवट राहिला तर निदान दोन-चार फोटो तरी फिरतात. गेम रद्द झाला की काम करणाऱ्याला त्याबद्दल तोंड उघडता येत नाही, करारावर सही केलेली असते. बायोडाटामध्ये 'जाहीर न झालेला प्रकल्प' एवढंच लिहायचं. माझ्या ओळखीत अशी माणसं आहेत ज्यांचं सगळ्यात चांगलं काम कुणीच पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. तेव्हा दिग्दर्शकाची चार-पाच वर्षं कोरी दिसली की तो झोपला होता असं धरू नकोस.

दुसरं कारण साफ तांत्रिक आहे, आणि ह्याबद्दल फार कमी बोललं जातं. सिनेमा जुन्या रिळावरून नव्या डिस्कवर घेता येतो. सुझुकींचे गेम यंत्राला बांधलेले. 'हँग-ऑन'मधून मोटरसायकल काढली तर स्क्रीनवर उरतो तो साधासा बाईकचा गेम. 'व्हर्चुआ कॉप'ची घरगुती बंदूक जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवरच चालायची, कारण पडद्यावर किरण कुठल्या क्षणी कुठे आहे ते पाहून नेम ठरत असे. एलईडी टीव्ही आले आणि ती बंदूक निकामी झाली. 'आउटरन'चं आणखी निराळं. नंतरच्या आवृत्त्यांत फेरारीचा परवाना घेतला होता. परवाना संपला की डिजिटल दुकानांतून त्या काढल्या गेल्या. म्हणजे तुला आज ठरवून त्यांचं काम बघायचं तरी अर्धं मिळणार नाही. दिग्दर्शक नजरेआड होतो त्यात विस्मरणाइतकाच वाटा असल्या वायर, काच आणि कागदपत्रांचा असतो.

मग जून २०१५. लॉस एंजेलिसच्या ई३ या गेमच्या प्रदर्शनात सोनीच्या मंचावर सुझुकी आले आणि 'शेनमू ३' साठी किकस्टार्टर, म्हणजे ऑनलाइन लोकवर्गणी, जाहीर केलं. मागितले २० लाख डॉलर, जमले ६३ लाखांवर. पहिले १० लाख दोन तासांच्या आत. पैसे देणारे ६९ हजारांहून जास्त लोक. नोव्हेंबर २०१९ मध्ये गेम आला.

'शेनमू ३' बद्दल माझं मत चाहत्यांना आवडत नाही. गेम प्रामाणिक आहे आणि हट्टी आहे. सुझुकींनी तो २००१ नंतर जगात काहीच झालं नाही असं धरून केला. पळालं की नायकाचा दम कमी होतो, दम वाढवायला खायला लागतं, खायला पैसे लागतात, पैशासाठी लाकडं फोडा. 'शेनमू'मधली फोर्कलिफ्टची नोकरी गोड वाटत होती कारण ती गोष्टीचा भाग होती आणि काही दिवसांत संपायची. इथे दमाचा काटा सतत मानेवर बसलेला. शिवाय जुन्या 'शेनमू'ची जादू एका गोष्टीत होती: तसं कुणी पाहिलंच नव्हतं. ड्रॉवर उघडणं १९९९ ला चमत्कार, २०१९ ला नेहमीचं. एवढ्या पैशात चमत्कार होत नसतो, त्याला मागे मशीन विकणारी कंपनी लागते. परीक्षणं संमिश्र आली. गोष्ट तर अजूनही पुरी झालेली नाही.

आणि एक योगायोग बघ. त्याच महिन्यात, ११ दिवस आधी, दुसरे नावाजलेले जपानी दिग्दर्शक हिदेओ कोजिमा यांचा 'डेथ स्ट्रँडिंग' आला. तोही सामान वाहून नेण्याचा गेम, चालताना तोल सांभाळायचा, पाय घसरला की खोकी पडतात. म्हटलं तर हमालीच. कोजिमा यांनाही २०१५ मध्ये कोनामी ही कंपनी सोडावी लागली, 'मेटल गिअर सॉलिड ५' च्या खोक्यावरून त्यांचं नावसुद्धा काढलं होतं. मग ते का दिसतात? मला दोन कारणं वाटतात. एक, त्यांनी कंपनीत असतानाच स्वतःचं नाव कंपनीपासून वेगळं करून घेतलं होतं. 'हिदेओ कोजिमाचा गेम' हे शब्द आधीच्या खोक्यांवर. दोन, बाहेर पडल्या पडल्या मशीन विकणाऱ्या सोनीने त्यांच्यामागे पूर्ण पैसा उभा केला आणि गुरिल्ला स्टुडिओचं तयार डेसिमा इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, हातात दिलं. सोनीने सुझुकींना मंच दिला, पण गेमच्या पैशासाठी त्यांना लोकांपुढे झोळी घेऊन उभं राहावं लागलं. 'मारिओ'चे जनक मियामोतो आजही दिसतात, कारण निन्तेंदो आजही मशीन विकते आणि दुकानाला ओळखीचा चेहरा लागतो. हे धोरण आहे, त्यात कलेचा कस कुठे लागला?

सुझुकींचं काम थांबलेलं नाही, हेही लक्षात घे. २०२२ मध्ये 'एअर ट्विस्टर' केला, अ‍ॅपलच्या फोनसाठी, 'स्पेस हॅरियर'च्या वळणाचा. छोटा गेम, बोटाने खेळायचा, आणि त्यात तो जुना उस्ताद लगेच ओळखू येतो. डिसेंबर २०२४ च्या 'गेम अवॉर्ड्स' सोहळ्यात 'स्टील पॉज' जाहीर झाला, तो नेटफ्लिक्ससाठी. पण सदस्यत्वात फुकट मिळणाऱ्या बऱ्याच गेमांच्या यादीत एखादा गेम पडला की त्याची ना विक्रीची बातमी होते, ना दुकानात खोकं दिसतं. त्याच सोहळ्यात नवा 'व्हर्चुआ फायटर'ही दाखवला गेला. तो करतंय सेगाचंच दुसरं पथक, 'याकुझा' मालिका करणारं. त्या मालिकेचे जनक तोशिहिरो नागोशी सुझुकींच्या हाताखाली तयार झालेले, 'व्हर्चुआ रेसिंग'वर आणि नंतर 'शेनमू'वर काम केलेले. २००५ मध्ये त्यांनी पहिला 'याकुझा' आणला. एका मोहल्ल्यात गच्च भरलेली दुकानं, आर्केड, जेवणावळी, आणि मध्येच मारामारी. पण नागोशींनी वाट बघणं काढून टाकलं, कधीही जा, दुकान उघडंच. ह्या एका बदलावर मालिका वीस वर्षं चालली. बाफ्टाच्या कौलात लोकांनी 'शेनमू' निवडला तो ह्या वंशावळीसाठी निवडला असावा. दोन्ही गेम हातात घेऊन एक तास खेळ, मग बोलू.

आता तुझ्या घरच्यांचा प्रश्न. डायरेक्टर म्हणून कुणी नोकरीला लागत नाही. सुझुकी प्रोग्रॅमर म्हणून लागले, तूही कशात तरी हात पक्का करून शिरशील: गेमप्ले प्रोग्रॅमिंग, लेव्हल डिझाइन, अ‍ॅनिमेशन. आपल्याकडे पुण्या-बंगळुरूत जे काम मिळतं त्यातलं पुष्कळसं परदेशी स्टुडिओंचं ठेक्याचं काम असतं. अशा कामात नाव येईलच असं नसतं. मी एका ठिकाणी वर्षानुवर्षं काम केलं, गेम जगभर गेले, श्रेयनामावलीत फक्त कंपनीचं नाव एका ओळीत. तेव्हा ऑफर लेटर आलं की पगाराच्या आकड्याइतकंच हेही वाच: श्रेय कुणाच्या नावे, गेम आल्यावर तुझं काम पोर्टफोलिओत दाखवता येईल का, आणि प्रकल्प रद्द झाला तर काय. विचारायला लाजू नकोस. बहुतेक ठिकाणी एचआरला हे कुणी विचारलेलंच नसतं, त्यामुळे दोन दिवस ते स्वतःच शोधत बसतात.

आणि नोकरीशेजारी एक छोटा गेम स्वतःच्या नावाने बाहेर काढ. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम लावायला १०० डॉलर भरावे लागतात, इच.आयओवर तेही नाहीत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचं 'राजी'साठीचं किकस्टार्टर २०१७ मध्ये फसलं होतं, तरी २०२० मध्ये गेम निन्तेंदो स्विचवर आला. सोपं आहे असं मी म्हणत नाही, त्यांनी काय काय गहाण टाकलं असेल ते त्यांनाच ठाऊक. घरच्यांना सांगायला मात्र हे उदाहरण बरं, जपान लांब पडतं.

तुझंही असंच होणार का, ह्यावर एकच म्हणेन. सुझुकींसारखं दिसेनासं व्हायला आधी १९८५ ते २००१ असं दिसावं लागतं. ती काळजी आताच कशाला?

खेळायचं कुठून ते सांगतो. 'शेनमू १ आणि २' एकत्र, २०१८ ची आवृत्ती, स्टीमवर आहे. साध्या लॅपटॉपवर चालते. पहिल्या दिवशी घराबाहेरच पडू नकोस, नुसते ड्रॉवर उघड. कंटाळा आला तर कुठल्या मिनिटाला आला ते लिहून ठेव. मग 'याकुझा ०' घे आणि तेच कर. 'व्हर्चुआ कॉप २' काकाच्या जुन्या सीडीच्या पाकिटात सापडेल बहुतेक. नव्या विंडोजवर तो कुरकुर करतो, थोडी खटपट करावी लागेल. 'शेनमू ३' सगळ्यात शेवटी, आणि तोही सेल लागल्यावर.